मागील लेखनास शुभेच्छा

मराठीत इंटरनेटवर लिहायला लागलं की पहिल्या आठवड्यातच दोन शब्द भेटतात, पुलेशु आणि पुभाप्र. पुढील लेखनास शुभेच्छा आणि पुढील भागाच्या प्रतीक्षेत. २००९ मध्ये मी ब्लॉग लिहायला लागले तेव्हा पुलेशु हे कुणाचं तरी आडनाव असावं असं मला दोन दिवस वाटत होतं. मग सवय झाली, मीही लोकांना पुलेशु म्हणायला लागले. पण अलीकडे घरातल्याच दोन नव्या लिहिणाऱ्यांना हाताशी धरलं तेव्हा जाणवलं, की आपल्या सगळ्या शुभेच्छा पुढच्या लेखनाला असतात. मालेशु असा शब्द कुणाला सुचलेला नाही.

त्या दोघांतला एक माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. तासगाव तालुक्यात त्याची चार एकर द्राक्षबाग आहे आणि २०२२ पासून तो बागेतलं लिहितो. छाटणी, औषधं, मजूर, व्यापारी, बेदाण्याची शेड, सगळं. दुसरी माझ्या बहिणीची मुलगी. पुण्यात नोकरी, सासर बार्शीचं, लिखाण विनोदी. तक्रार दोघांची एकच. पुतण्या म्हणाला, "काकू, साठ लेख झाले. लोक वरचे दोन वाचतात. खालचे अठ्ठावन्न बांधावर टाकलेल्या काड्यांसारखे पडून आहेत." भाचीचं दुखणं जरा शहरी होतं. "मावशी, जुनं परत शेअर केलं की लोकांना वाटतं हिच्याकडे नवीन काही उरलं नाही."

दोघंही माझ्याकडे आले याचं कारण मी फार मोठी लेखिका आहे असं नाही. माझ्या अण्णांची सांगलीत, गावभागात लायब्ररी होती. महिन्याची वर्गणी भरा आणि पुस्तकं, मासिकं घरी न्या, अशी साधी खासगी लायब्ररी. कॉलेजात असल्यापासून मी संध्याकाळी तिथल्या टेबलावर बसायचे. लग्नानंतरही गावातच राहिले, त्यामुळे अण्णांनंतर ती मीच चालवली, २०१९ पर्यंत. जुनी पुस्तकं नव्या माणसाच्या हातात कशी द्यायची हा आमच्या घरचा धंदाच होता म्हणा ना.

लायब्ररीत दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी असायची. अंक दिवाळीच्या आगेमागे यायचे आणि फिरत फिरत गुढीपाडव्यापर्यंत वाचले जायचे. मार्चच्या उकाड्यात लोक पणत्यांची चित्रं आणि उटण्याच्या जाहिराती ओलांडून कथा वाचायचे. शिळं झालं म्हणून अंक परत केलेला एक सभासद मला आठवत नाही. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आपण एकदम ढीगभर छापतो आणि सावकाश वाचतो. मग हीच माणसं पडद्यावर तीन दिवसांपूर्वीचा लेख जुना कसा काय समजायला लागली? मला वाटतं, दोष वाचकाचा कमी आहे आणि मांडणीचा जास्त. इथे नवा लेख जुन्याच्या डोक्यावरच येऊन बसतो, आणि जुन्याला स्वतःची अशी जागा राहत नाही.

अण्णांची एक पद्धत होती. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी चिकटवलेली असते. दर शनिवारी दुपारी गर्दी नसताना ते एक कपाट घ्यायचे, चिठ्ठ्या बघायचे आणि दोन-तीन वर्षांत एकही शिक्का न पडलेली तीन पुस्तकं बाहेर काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचे. बरोबर तीन. पाच ठेवली तर लोक ढीग समजतात आणि हात लावत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्या पुस्तकांची ते कधी तारीफ करायचे नाहीत. सभासद पुस्तक परत करायला आला की विचारायचे, "ह्यातला तो डॉक्टर आवडला का?" आवडला म्हणाला की कोपऱ्यावरचं एक पुढे सरकवायचे. "मग ह्यातला वकील बघा." वाचलेल्या पुस्तकावरून न वाचलेल्यावर जायला जेवढी पायवाट लागते तेवढीच ते करून द्यायचे. हे सगळं मला इतकं पाठ होतं, तरी स्वतःच्या लेखांबाबत बारा वर्षं यातलं काहीही केलं नाही. ती फजिती सांगायलाच हवी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी, म्हणजे काय झालं असेल ते समजा. लायब्ररी गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही पंधरा दिवस घर आणि दुकान उपसत होतो, आणि त्यात जे शिकलो ते मी लिहून ठेवलं. गाळ ओला असतानाच खराट्याने आणि पाण्याने ओढून काढायचा, एकदा वाळला की तो सिमेंटसारखा बसतो. वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विचला हात लावायचा नाही, फ्रिज नुसता कोरडा दिसतो म्हणून लावायचा नाही. भिजलेली पुस्तकं आडवी रचायची नाहीत, उभी करायची, पानांत वर्तमानपत्राचे कागद घालायचे आणि ते सारखे बदलायचे, कारण दोन दिवसांत बुरशी धरते. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढायचे नाहीत, स्वच्छ पाण्यात सोडायचे, हळूहळू सुटतात. लेख कामाचा होता. त्याला मी शीर्षक दिलं 'कृष्णामाई कोपली'.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या माझ्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, तू पुराचं काहीतरी लिहिलं होतंस ना, पाणी उतरल्यावर काय करायचं ते? पाठव ना. फोनला बारा टक्केच आहे." इकडे सांगलीतही पाणी चढत होतं, दर तासाला कुणीतरी "आयर्विनला किती?" विचारत होतं. मी लेख शोधायला बसले आणि मला माझाच लेख सापडेना. 'पूर' शोधलं, तर २००५ च्या पुराच्या आठवणी वर आल्या. 'गाळ' शोधलं, तर चाळणीतला गाळ, चहाचा. शेवटी ब्लॉगच्या डाव्या बाजूला जुन्या लेखांची यादी असते, तिचे ते त्रिकोण एकेक उघडत गेले, २०१९, मग ऑगस्ट, मग सप्टेंबर, तेव्हा कृष्णामाई दिसली. लिंक पाठवली. पाच मिनिटांनी नणंदेचा मेसेज आला, "यात तुझ्या लहानपणीचा घाट आहे. गाळाचं कुठे आहे?" वर दीड पान घाट, होडी, आजी आणि नदीची ओटी होती. गाळ त्याच्या खाली होता. तिचा फोन मग बंद पडला.

त्या रात्री शीर्षक बदललं, 'पुराचं पाणी ओसरल्यावर घरात आधी काय करावं'. कामाचं सगळं वर घेतलं. घाट आणि आजी खाली ठेवल्या, काढून टाकल्या नाहीत, मला त्या आवडतात. पुढच्या आठवडाभरात तो लेख कऱ्हाड, शिरोळ, महाड कुठून कुठून वाचला गेला. दोन वर्षं तो तिथेच होता, एक अक्षर नवीन लिहिलं नव्हतं.

तेव्हापासून जुन्या लेखाचं शीर्षक बघताना मी मनात म्हणते, फोनला बारा टक्के असलेल्या माणसाला हे सापडेल का? पुतण्याला पहिला धडा हाच दिला.

त्याच्या अठ्ठावन्न काड्यांतला सगळ्यांत चांगला लेख होता 'आभाळ जेव्हा वैरी होतं'. वाचून बघितला. ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग पोंग्यातून दोड्यात, म्हणजे फुगलेल्या डोळ्यांतून कोवळ्या घडांवर येत होती आणि चार दिवस पाऊस लागून राहिला. घडांची गळकूज सुरू झाली, म्हणजे कोवळे घड गळायला आणि कुजायला लागले. मग त्याने आणि शेजारच्या दोघा बागायतदारांनी काय केलं, कुठली फवारणी कधी घेतली, ट्रॅक्टर चिखलात जाईना तेव्हा पाठीवरच्या पंपाने रात्री कसं मारलं, डाऊनी हा रोग कुठल्या ओळीत आधी दिसला, शेवटी किती घड राहिले. हे कुठल्या पुस्तकात इतकं तपशिलाने मिळणार? आणि असा पाऊस दर दोन-तीन वर्षांनी येतो. ज्या रात्री येतो त्या रात्री जिल्ह्यातले किती बागायतदार जागे राहून मोबाईलवर शोधत असतील! पण त्यांच्यातला एकही 'आभाळ' किंवा 'वैरी' लिहून शोधणार नाही. ते लिहिणार 'छाटणीनंतर पाऊस गळकूज'. मी म्हटलं, शीर्षकात हे शब्द घाल. तो नाराज झाला. "काकू, मग ते कृषी खात्याच्या पत्रकासारखं दिसतं." त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शेवटी तोड निघाली. शीर्षक 'छाटणीनंतर पाऊस आणि गळकूज : त्या चार रात्री', आणि आभाळ वैरी पहिल्या परिच्छेदात सुखाने राहिलं.

शेतीच्या लेखाबाबत एक गोष्ट मात्र मी त्याला दटावून सांगितली. जुन्या लेखाकडे वाचक आणायचा असेल तर आधी स्वतः जाऊन तो लेख तपासायचा. विनोदी लेख जुना झाला तर फार तर हसू येत नाही. औषधाचा सल्ला जुना झाला तर माल परत येतो. २०१० साली सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, ते तासगावात अजून कुणी विसरलेलं नाही. त्याआधी ते वापरणं सर्रास होतं. आज कुणाला २००८ चा एखादा लेख सापडला आणि त्याने तो खरा मानला तर? म्हणून पुतण्याने आता फवारणीच्या प्रत्येक जुन्या लेखावर दोन ओळी टाकल्या आहेत. हा अनुभव अमुक हंगामातला आहे, औषध घेण्याआधी मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची यंदाची यादी आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते बघा. मूळ तारीख तशीच ठेवली, खाली सुधारणेची तारीख लिहिली. मूळ तारीखच बदलून जुना लेख नवा असल्यासारखा वर आणणारे लोक मला पटत नाहीत. अंड्यावरचा शिक्का पुसून विकण्यासारखं आहे ते.

इथे जरा आडवळण घेते, कारण यात मराठी लिहिणाऱ्यांचं खास दुःख आहे. पुतण्याने माझ्यासारखंच गुगलच्या ब्लॉगरवर लिहायला घेतलं. तिथे लेखाचा पत्ता शीर्षकातल्या रोमन अक्षरांवरून आपोआप बनतो. शीर्षक पूर्ण देवनागरीत असलं की त्याच्या हाताला काही लागत नाही, मग सगळ्या लेखांचे पत्ते 'ब्लॉग-पोस्ट_१७', 'ब्लॉग-पोस्ट_२३' असे होतात. एका गल्लीतल्या सगळ्या घरांना एकच पाटी. लेख प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडे पर्मालिंकच्या खणात स्वतःच्या हाताने रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द लिहिता येतात, हे त्याला साठ लेख होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. भाचीचं दुखणं उलट आहे. तिच्या वर्डप्रेसवर देवनागरी पत्ता चालतो, पण व्हॉट्सॲपवर चिकटवला की प्रत्येक अक्षर, काना, मात्रा फुटून नऊ-नऊ चिन्हं होतात, टक्के आणि आकड्यांची आगगाडी. तिच्या सासूबाईंनी अशी एक लिंक बघून तिला फोन केला होता, "अगं, तुझा फोन हॅक झालाय का?" तिनेही आता पत्ते हाताने लिहायला सुरुवात केली. जुन्या लेखांचे पत्ते मात्र मी दोघांनाही बदलू दिले नाहीत. कुणीतरी कुठेतरी ती लिंक जपून ठेवलेली असते, पत्ता बदलला की ते दार बंद.

आणि तो 'ॲ'! आपण 'ॲप' लिहितो तो ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या सामाईक यादीत, २००८ मध्ये आलं. त्याआधीचे लोक अ वर चंद्र चढवून काम भागवायचे, काहीजण अजून भागवतात. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण पानावर शोधताना एक लिहिलं तर दुसरं सापडत नाही. ऱ्याचंही तेच, 'शेतकऱ्या'तला तो अर्धा र दोन-तीन तऱ्हांनी लिहिला जातो. माझ्या २००९ ते २०१२ च्या लेखांत 'शेतकऱ्यांचा' शोधलं तर एकही येत नव्हता, आणि मी तर शेतकऱ्यांवर बरंच लिहिलंय. दोन रविवार बसून मी ते सारखं करून घेतलं. कंटाळवाणं काम आहे, पण मटार सोलण्यासारखं, हात चालू आणि डोकं मोकळं.

आता रिक्षा. स्वतःच्या लेखाची आपणच जाहिरात करण्याला मराठी इंटरनेटवर रिक्षा फिरवणं म्हणतात, माहीत असेलच. 'ताई माई अक्का, विचार करा पक्का' वाली रिक्षा. पुतण्या द्राक्षवाल्यांच्या सात-आठ व्हॉट्सॲप गटांत आहे आणि सुरुवातीला तो रोज सकाळी सगळीकडे एकेक जुना लेख टाकायचा. एका गटातून त्याला काढलं, दुसऱ्यात कुणीतरी द्राक्षाच्या घडासमोर हात जोडलेला फोटो टाकला. मी म्हटलं, आठवडाभर काहीच टाकू नकोस. नुसतं वाच लोक काय विचारतात ते. पाचव्या दिवशी आरगच्या एकाने विचारलं की बेदाण्याला काळपट रंग येतोय, काय चुकतंय. यावर पुतण्याचा दीड वर्षापूर्वीचा लेख आहे, डिपिंगच्या, म्हणजे वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायच्या द्रावणाचं प्रमाण आणि शेडमधली हवा यावर. पण त्याला सांगितलं, लिंक टाकू नकोस आधी. दोन ओळींत उत्तर दे. माणसाची अडचण दोन ओळींत सुटली तर उत्तम, नाही सुटली तर तो पुढे विचारेल, तेव्हा दे. त्याने विचारलं. मग ती लिंक त्या माणसाने स्वतःच आणखी तीन गटांत टाकली. आपण फिरवली की ती रिक्षा असते, दुसऱ्याने फिरवली की ती शिफारस असते.

व्हॉट्सॲपवर पूर्ण मजकूर कधी टाकायचा नाही, हेही याच ओघात सांगते. तो नावाशिवाय फिरतो आणि चार महिन्यांनी आपल्यालाच 'एका अनामिक शेतकऱ्याचे मनोगत' म्हणून येतो. पुतण्याला आला होता. शेवटी 'जय जवान जय किसान' जोडलेलं.

भाचीची गोष्ट अवघड होती. तिचं लिखाण कुणाच्या अडचणीला उत्तर देत नाही. सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्यांवरचा लेख पाऊस पडल्यावर कुणी शोधत नाही. तिने उपाय म्हणून फेसबुकच्या आठवणींवर भर दिला होता. गेल्या वर्षी याच दिवशी काय लिहिलं ते फेसबुक दाखवतं, ती ते पुढे ढकलायची. तिचा एक लेख खरोखर फार गमतीचा आहे, 'जावई, तेहतीस अनारसे आणि मी'. धोंड्याच्या महिन्यात माहेरी नवऱ्याचं कौतुक चाललेलं आणि ही कोपऱ्यात बसून अनारसे मोजतेय, असा. २०२३ च्या अधिक श्रावणात, जुलैच्या शेवटी लिहिलेला. तेव्हा खूप वाचला गेला. मग २०२४ च्या जुलैत फेसबुकने आठवण दिली, हिने पुढे ढकलला, आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही. कसं पाहणार? त्या वर्षी अधिक महिना होताच कुठे!

आपले सणवार इंग्रजी तारखेला बांधलेले नाहीत हे त्या यंत्राला कोण सांगणार. २०२३ मध्ये गणपती १९ सप्टेंबरला बसले, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टलाच. फेसबुकच्या भरवशावर राहिलात तर मोदकावरचा लेख विसर्जन होऊन गेल्यावर वर येतो. मी भाचीला भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणायला सांगितलं. तिच्याकडे नव्हतंच, मोबाईलवर बघते म्हणाली. मग माझंच घेऊन बसलो. तिचे चाळीस लेख आणि बारा महिने. बरण्यांचा लेख मेमध्ये कैऱ्यांच्या वेळी. बार्शीच्या वारकऱ्यांच्या मुक्कामाचा आषाढीच्या आधी आठ दिवस, आषाढीच्या दिवशी नाही, त्या दिवशी सगळेच विठ्ठल टाकतात. आणि तेहतीस अनारसे राखून ठेवले १७ मे २०२६ साठी, अधिक ज्येष्ठ त्या दिवशी सुरू होतो. "मावशी, म्हणजे तीन वर्षं थांबायचं?" म्हटलं, अधिक महिनाही तीन वर्षं थांबतोच की.

चाळीसपैकी सव्वीस लेखांना महिना सापडला. राहिले चौदा. त्यातले पाच तिने स्वतःहून काढून टाकले, नव्या वर्षाचे संकल्प, 'आज लिहायला वेळ नाही' असले. अण्णाही दर मे महिन्यात एक पोतं रद्दीत द्यायचे, त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उरलेल्या नऊ लेखांना ना महिना ना उपयोग, पण त्यातच तिचे सगळ्यांत चांगले तीन आहेत. तिथे अण्णांचा टेबलाचा कोपरा कामाला आला. आता प्रत्येक नव्या लेखाच्या शेवटी ती एक वाक्य लिहिते, यंत्राने आपोआप लावलेली 'हेही वाचा'ची पाच चौकोनी चित्रं नाही, स्वतःच्या शब्दांतलं एकच वाक्य. 'ह्याच आत्याबाई एकदा एसटीत कंडक्टरशी भांडल्या होत्या, ते इथे.' मला त्या वाक्याचा हेवा वाटतो. मी आत्याबाईंच्या मागे एसटीत गेले आणि तिथून तिच्या २०२१ च्या पहिल्या लेखापर्यंत पोचले, रात्रीचे साडेबारा झाले होते.

सगळं काही जमलं असं समजू नका. पुतण्याच्या साठपैकी वीस-बावीस लेख आता येणारे-जाणारे वाचतात, बाकीचे बांधावरच आहेत. भाचीने कोपऱ्यावर सात लेख ठेवले होते, मी चार काढायला लावले, तिने दोन काढले. शिवाय दोघंही ज्या एका गोष्टीत सारखे अडकले, तीत मीही अडकलेली आहे. क्रमशः.

मराठी माणसाला क्रमशः लिहायला फार आवडतं. पुतण्याची 'बाग लावताना' ही सात भागांची माला आहे. लोकांना बहुधा पाचवा भाग आधी सापडतो आणि ते विचारतात आधीचे चार कुठे. भाग एकच्या खाली भाग दोनची लिंक नाही, कारण भाग एक लिहिला तेव्हा भाग दोन नव्हता, आणि नंतर परत जाऊन जोडायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याला एका संध्याकाळी बसवून सातही भाग दोन्ही बाजूंनी जोडून घेतले आणि सगळ्यांची मिळून एक अनुक्रमणिका केली. दीड तास लागला. एवढ्या कमी कष्टात इतका फरक दुसऱ्या कशानेही पडलेला मी पाहिलेला नाही. पहिला भाग उघडणारी माणसं आता सातव्यापर्यंत जातात.

त्याला शहाणपण शिकवून झाल्यावर म्हटलं आपलीही जोडून टाकावी. माझी 'लायब्ररीतली माणसं' नावाची माला आहे, २०११ ची. तीन भाग, तिसऱ्याच्या खाली ठळक अक्षरांत क्रमशः. त्याखाली १४ प्रतिसाद, त्यातला शेवटचा २०१२ मधला. पुभाप्र. चौथा भाग मी लिहिलाच नाही. तो एका सभासदावर होता, ज्याने एका कादंबरीचे तीन खंड एकदम नेले, एक परत केला आणि पुढची अकरा वर्षं रस्त्यात भेटला की हटकून पावसाबद्दल बोलायचा. टिपणं तयार होती, पहिला परिच्छेदही झाला होता.

मग २०१८ मध्ये माझ्या मुलाने लग्न ठरवलं आणि हे गृहस्थ आमचे व्याही झाले. लग्नाच्या बैठकीला त्यांच्या घरी गेलो तेव्हा बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात दोन्ही खंड उभे होते, कण्यावर आमचा नंबर अण्णांच्या अक्षरात. मी पावसाबद्दल बोलले. एक वर्षाने आमची बाकीची पुस्तकं पाण्यात गेली, ती दोन मात्र त्यांच्याकडे विश्रामबाग भागात कोरडी राहिली.

तिसऱ्या भागाच्या खालचा क्रमशः परवा मी खोडायला गेले होते. नाही खोडला. सुनेला विचारलंय, तुझ्या बाबांवर लिहिलं तर चालेल का. ती म्हणाली, आधी मला वाचायला द्या.